डावी बाजू

दाढेचा एक टवका उडाला होता, तेवढाच दाखवायला लुंबिनी नांदेडच्या डॉक्टर लेनमधल्या त्या दवाखान्यात गेली होती. डॉक्टरीणबाई वयानं तिच्याहून बऱ्याच लहान. त्यांनी पेनाएवढा कॅमेरा तोंडात घालून सगळ्या दातांवरून सावकाश फिरवला आणि समोरचा पडदा तिच्याकडे वळवला. पडद्यावर एक राखाडी जबडा अधांतरी उभा होता. बाईंचं बोट फिरेल तसा तो वळत होता, आतली बाजू दाखवत होता, पुन्हा समोर येत होता. असे जबडे लुंबिनीनं पुष्कळ फिरवले होते. तेच तिचं काम होतं. रानम्हशीचे, सुसरीचे, हरणाचे, हत्तीचे, हजारो वर्षं नदीच्या गाळात पडून दगड झालेले. ते सगळे याच राखाडी रंगात तिच्या कॉम्प्युटरवर उतरायचे, कारण यंत्राला आधी फक्त आकार कळतो, रंग माणसानं नंतर सांगायचा असतो. हा मेलेल्यांचा रंग, असं तिच्या मनानं कधीतरी परस्पर ठरवून टाकलं होतं. आता त्याच रंगात तिचं स्वतःचं तोंड फिरत होतं, आणि त्या तोंडात लाळ सुटत होती.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तुम्ही डावीकडनं चावतच नाही का? उजव्या दाढा पार गुळगुळीत झाल्या होत्या, त्यातलीच एक फुटली होती. डाव्या मात्र काल उगवल्यासारख्या. लुंबिनी म्हणाली, लहानपणी तिकडं दुखत असेल. बाईंनी पुन्हा आरसा घालून पाहिलं. डावीकडं काही झालेलं नव्हतं, कधी झाल्याची खूणही नव्हती. मग सवय असेल, म्हणून त्यांनी तो विषय सोडला आणि फुटक्या दाढेवर टोपी कशी बसवायची ते सांगू लागल्या. उजवी दाढ फुटली म्हणून तिच्या जोडीच्या डाव्या दाढेची प्रतिमा घ्यायची, कॉम्प्युटरवर उलटवायची आणि उजवीकडं आणून ठेवायची. "पण तशीच्या तशी बसत नाही बरं का," त्या हातमोजे काढता काढता म्हणाल्या. "कुणाच्याच दोन बाजू सारख्या नसतात. चावून बघावं लागतं." एवढं बोलून त्या पुढच्या पेशंटकडे गेल्यासुद्धा.

रस्त्यावर आली तेव्हा तिचा उजवा गाल बधिर होता. भुलीच्या इंजेक्शननं ओठ जाड झाल्यासारखा वाटत होता, आणि आपण वाकड्या तोंडानं चाललोय हे येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिसतंय अशी तिची खात्री झाली होती. ऑटोवाल्यांच्या हाका, रसवंतीच्या घुंगरांचा आवाज, उन्हानं तापलेल्या गाड्यांच्या टपांवरून डोळ्यांत येणारी तिरीप, सगळं एका बाजूनं आत येत होतं आणि दुसऱ्या बाजूला पोचतच नव्हतं. तिला टोचत होता तो दाताचा प्रकार नव्हता. तो एक शब्द होता. उलटवायची. गेल्या उन्हाळ्यात तिनं नेमकं हेच केलं होतं. लातूरजवळ मांजरेच्या काठावर किशनराव नावाच्या शेतकऱ्याच्या रानात पाइपलाइनचा चर खणताना हत्तीचा खालचा जबडा निघाला होता. आताच्या हत्तीचा नव्हे, त्याच्या फार जुन्या, नाहीशा झालेल्या भाऊबंदांपैकी कुणाचा तरी. लातूरच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणारे भीमाशंकर सर तो जीपमध्ये गोधड्यांवर ठेवून बाळंतिणीला आणावं तसा हळूहळू घेऊन आले होते. उजवी बाजू स्वच्छ होती. डाव्या बाजूवर चुनखडीचा थर सिमेंटसारखा घट्ट बसलेला होता. सर म्हणाले होते की खालचं हाड ठिसूळ आहे, त्याला हात लावायचा नाही. मग तिनं उजवी बाजू स्कॅन केली, कॉम्प्युटरवर उलटवली, हनुवटीपाशी दोन्ही जोडल्या. सगळे असंच करतात, त्यात खोटं काही नसतं. जबडा इतका देखणा झाला होता की सरांनी चष्मा काढून डोळे पडद्याजवळ नेले होते. त्याच जबड्यावर तिनं डोकं चढवलं, सुळे चढवले, खांदे चढवले, आणि कॉलेजच्या नव्या संग्रहालयाच्या भिंतीवर एक दांडगा हत्ती रंगवायला घेतला: पुढचा पाय उचललेला, सोंड वर, मागं पांढरी धूळ. कमिटीला तो फार आवडला होता. रंगवणं संपत आलं होतं.

घरी येऊन ती वरच्या खोलीत बसली. ही खोली म्हणजे तिचं सगळं होतं. एका भिंतीला कॉम्प्युटर, खिडकीपाशी प्रिंटर, फळीवर प्लास्टिकचे मणके आणि कवट्या, आणि कोपऱ्यात वडिलांची ब्रशांची बरणी. वडील आनंदराज मुखेडला पेंटर होते. दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या पाठीवरची नावं, आणि एप्रिल लागला की जयंतीचे बाबासाहेब आणि बुद्ध. आजूबाजूच्या खेड्यांतले लोक बैलगाडीतून, मग टेम्पोतून ते नेत असत. सात-आठ वर्षांच्या लुंबिनीला ते कोपऱ्यातलं कमळ रंगवायला देत. कमळ रंगवून झालं की ती त्याच्या देठापाशी एक कासव काढायची, आणि वडील ते पुसत नसत. पुढं ती औरंगाबादला शिकली, पुण्यात एका कंपनीत खेळांसाठी राक्षस आणि ड्रॅगन बनवत राहिली, आणि एक दिवस तिला आपल्याच राक्षसांचा कंटाळा आला. त्यांना काहीही करता येत असे. त्यांना वजन नव्हतं. वडील आजारी पडले म्हणून ती परत आली, ते गेले, आणि ती पुण्याला न जाता मायला घेऊन नांदेडला राहिली. लग्नाचं राहिलं ते राहिलंच. आधी लोक विचारत, मग माय विचारी, मग मायनंही सोडून दिलं आणि एका दिवाळीला तिला स्वतःच्या पैशातून टेबलाचा चांगला दिवा आणून दिला. त्या दिव्याखाली लुंबिनी बेचाळीस वर्षांची झाली होती, आणि कुणी विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं की आपलं बरं चाललंय. खरंच बरं चाललं होतं. म्हणूनच तो उलटवलेला जबडा पडद्यावर फिरवताना, दोन्ही दाढा एकमेकींच्या आरशातल्यासारख्या बघताना, तिला जे वाटत होतं त्याला नाव सापडेना. चूक नव्हती ती. पण कुणाच्या तरी घरात जाऊन, अर्धंच घर बघून, बाकीचं तसंच असणार असं धरून बाहेर पडल्यासारखं होतं.

संध्याकाळी जेवताना डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणं ती डावीकडून चावू लागली. ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, रोजचंच जेवण. पण तोंडाला ते परकं वाटलं. जीभ सवयीनं घास उजवीकडं ढकली आणि तिला तो परत आणावा लागे. डावीकडची भाकरी जास्त खरखरीत होती, चटणी जास्त तिखट, आणि प्रत्येक घासाचा आवाज कानात वेगळ्याच ठिकाणी होत होता. दुसऱ्याच्या तोंडानं जेवल्यासारखं. समोर माय बसली होती. सरजाबाई आता सत्तरी ओलांडलेली. दात मोजकेच राहिलेले, कवळी आणून दिली तर डब्यात ठेवून दिलेली. ती भाकरी वरणात कुस्करायची, घास तोंडात घालायची, आणि मग जिभेनं तो उजवीकडं नेऊन, मान किंचित त्याच बाजूला कलती करून, डोळे अर्धे मिटून सावकाश चघळायची. लुंबिनीनं हे जन्मापासून पाहिलेलं होतं, म्हणजेच कधीच पाहिलं नव्हतं. तिच्या हातातला घास तसाच राहिला. माणूस जेवायला कुणाकडून शिकतं? समोर बसून जी भरवते तिच्याकडूनच. ती तोंड उघडते तेव्हा आपण उघडतो, ती जिकडं चावते तिकडं चावतो. निरोगी दाढा एका बाजूला तशाच कोऱ्या ठेवून आपण चाळीस वर्षं मायच्या तोंडानं जेवत आलो, हे तिला त्या ताटावर कळलं. मायच्या डाव्या जबड्यावर कानाच्या जरा खाली एक टेंगूळ होतं, बोराएवढं, कातडीखाली टणक. तेही कायमचंच. आईच्या चेहऱ्यावरच्या गोष्टींना 'का' विचारायचं असतं हे कुणाला सुचत नाही; तो चेहरा तसाच असतो, जसं घराला दार असतं.

"काय बघायलीस?" मायनं विचारलं.

"काही न्हाई. जेव तू," लुंबिनी म्हणाली. विचारायचं होतं, पण तेव्हा विचारलं नाही. आधी तिला ती दुसरी डावी बाजू बघायची होती.

नांदेडहून लातूरला जाणारी एसटी लोह्यावरून, अहमदपूर, चाकूर करत जाते. तो रस्ता तिला पाठ होता. खिडकीतून काळी रानं, सोयाबीन निघाल्यावर उघडी पडलेली, मध्येच तुरीचा हिरवा पट्टा. या मातीखाली तिला नेहमी दुसरी माती दिसायची: ओली, पिवळसर, लव्हाळ्यांची, जिथं आता डांबरी रस्ता आहे तिथं डबकी आणि डबक्यांत हालणारी प्रचंड काळी पाठ. हे तिचं गुपित सुख होतं. शेजारची बाई कडेवरच्या पोराला बिस्कीट भरवत असे, कंडक्टर घंटी ओढत असे, आणि लुंबिनी कुणालाही न सांगता तीसेक हजार वर्षं मागं बघत बसे. त्या दिवशी मात्र ते दिसेना. सारखा एकच प्रश्न येत होता, की त्या चुन्याखाली काहीच नसलं तर? उजवीसारखीच गुळगुळीत दाढ निघाली, किंवा हाडाचा भुगाच झाला, तर सरांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं सापडलेलं हाड आपल्या दातदुखीपायी गेलं असं होईल.

चुना काढून डावी बाजू उघडू या, असं ऐकून भीमाशंकर सर आधी हसले, मग चिडले. पुढच्या वर्षी ते निवृत्त होणार होते. हे एका दालनाचं संग्रहालय म्हणजे त्यांच्या तीस वर्षांच्या पायपिटीचं घर होतं. उद्घाटनाचे पाहुणे ठरले होते, पत्रिका छापल्या होत्या. त्यांचं म्हणणं असं की उलटवून जोडणं ही जगभरची रीत आहे, लोक बघतात ते हत्तीला, दाढेच्या झिजेला नाही. आणि हाड एकदा तुटलं की तुटलं. लुंबिनीकडं मुद्दा नव्हताच. ती पेटीतल्या वाळूवर निजवलेल्या त्या जबड्याकडं बघून म्हणाली, "सर, मी भिंतीवर ज्याला काढलंय तो कुणीही हत्ती आहे. हा जो आहे तो कोण होता, ते त्या बाजूला आहे." सर उठून पोरांचा तास घ्यायला गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात सुया, ब्रश आणि हाड घट्ट करायच्या औषधाची बाटली होती. त्यांनी सांगितलं की तासावर आपण काय शिकवलं ते आपल्यालाच आठवत नाही.

मग दोघं त्या कामाला बसले. लुंबिनीनं सकाळच्या एसटीनं यायचं, संध्याकाळच्या एसटीनं जायचं. सुईच्या टोकानं तिळाएवढा चुना उडवायचा, ब्रशनं झटकायचा, औषधाचा थेंब सोडायचा, वाळू द्यायचा, पुन्हा सुई. बोलणं फारसं होत नसे. चुन्याचा वास नाकात बसला, बोटांची पेरं पांढरी झाली. लुंबिनीला त्या दिवसांत फार शांत वाटत असे. कॉम्प्युटरवर ती हाडाभोवती देवासारखी फिरायची, हवं तिथून बघायची. इथं मात्र तिला एका जागी बसून, हाड जेवढं दाखवील तेवढंच बघावं लागत होतं. एकदा एक चीर गेली. सर श्वास धरून बसले, तिनं औषध सोडलं, चीर थांबली. दोघांनी चहा मागवला आणि तो निवेपर्यंत कुणीच प्याला नाही. आणि मग हळूहळू ती दाढ वर आली. ती उजवीसारखी नव्हती. उजवी दाढ वर्षानुवर्षं वाटण वाटलेल्या पाट्यासारखी सपाट, जवळजवळ मुळापर्यंत उतरलेली. ही उंच, तिरकी, नुकतीच टाकी लावल्यासारखी खरखरीत. तिच्यावर कित्येक वर्षं काही चावलंच गेलं नव्हतं. तिच्यामागं, जबडा वर वळतो तिथं, हाडावर एक गाठ होती. फांदी तुटल्या जागी झाडाचं खोड धरतं तशी गोल, भरीव, सावकाश वाढलेली गाठ.

सरांनी भिंग लावून ती कितीतरी वेळ पाहिली. मग ते खुर्चीत मागं टेकले आणि विद्यार्थ्याला सांगावं तसं, पण फार हळू आवाजात, सांगू लागले. हत्तीला दाढा एकीमागून एक येतात, जन्मात सहा वेळा. ही शेवटची होती, पुढची येणार नव्हती. म्हणजे जनावर म्हातारं. बांधा लहान, म्हणजे बहुतेक मादी, पण ते नक्की म्हणू नये. तरुणपणी कधीतरी जबडा मोडला. आणि सांधला. त्यानंतर ती एका बाजूनं चावत म्हातारी होईतो जगली. हे सांगताना त्यांच्या तोंडून 'ते' जाऊन 'ती' आलेलं त्यांच्या लक्षात आलं नाही. लुंबिनीच्या आलं. तिला हसू येत होतं आणि डोळ्यांत चुना गेल्यासारखं होत होतं. भिंतीवरचा तो पाय उचललेला, सोंड उंचावलेला दांडगा हत्ती पाठीमागं उभा होता. सरांनी त्याच्याकडं वळून पाहिलं आणि म्हणाले, "याला आता घालवावं लागेल." त्यांना वाईट वाटत होतं, पण फार नाही.

घालवणं सोपं होतं. दोन हात पांढऱ्या रंगाचे. त्या जागी काय आणायचं ते कळत नव्हतं. ती नांदेडला परतली आणि चार दिवस कागद खराब करत बसली. म्हातारी हत्तीण काढली की कीव येई, नाहीतर देवळातल्या हत्तीसारखी सजलेली दिसे. एका बाजूनं चावणारं शरीर उभं कसं राहतं? मान कुठं जाते, वजन कुठल्या पायावर पडतं? शेवटी ती वही घेऊन मायसमोर बसली. सकाळची वेळ होती, माय अंगणात उन्हाला बसून दुधात भिजवलेली भाकरी खात होती. लुंबिनी मानेची रेघ काढत गेली: कलती, पण पडलेली नव्हे, उजवा खांदा किंचित खाली, डोळा अर्धा मिटलेला, कारण चावणं हे काम आहे आणि ते लक्ष देऊन करावं लागतं. पहिल्यांदाच तिच्या हाताला वजन लागलं. काय काढतेस म्हणून मायनं विचारलं, आणि हत्तीण असं कळल्यावर ती घास तोंडात धरून इतकी हसली की तिला ठसका लागला.

तेव्हा लुंबिनीनं विचारलं, "माय, तुझं ते जबड्यावरचं कशाचं हाय?"

मायनं आधी हातानंच चाचपून बघितलं, जणू ते अजून तिथं आहे की नाही. मग ती सांगू लागली, मध्ये मध्ये खात, काही विशेष नसल्यासारखं. बहात्तरचा दुष्काळ. नुकतं लग्न झालेलं. मुखेडकडं रस्त्याचं काम निघालं होतं आणि सगळा मुलूख खडी फोडायला बसला होता. ज्यांच्या घरी कधी मजुरीला जायचं ते वाड्यातले लोकसुद्धा रांगेत येऊन बसले होते. एक दिवस शेजारणीच्या हातोडीखालून दगडाची कपची उडाली ती हिच्या जबड्यावर. हाड मोडलं. डॉक्टर नव्हता, फडकं बांधलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर, कारण न जाऊन चालणार नव्हतं. तोंड उघडत नव्हतं. सरकारकडून सुकडी, भाजलेल्या पिठाची भुकटी, मिळायची ती कोरडी, आणि मिलोच्या परदेशी लाल ज्वारीची भाकरी म्हणजे चामडं. खाता येईना. तेव्हा रांगेत पलीकडं बसणारी केवळाबाई उठून आली. शेतीवाल्या मराठ्याच्या घरची बाई, हिच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. त्या काळात त्यांचा पाण्याचा घडा वेगळा आणि यांचा वेगळा, दुष्काळातसुद्धा. केवळाबाईनं आपल्या तांब्यातलं पाणी हिच्या सुकडीत ओतलं, बोटानं कालवून पेज केली, आणि हिचं डोकं धरून ओठांच्या फटीतून एक एक बोट चाटवलं. रोज, दुपारच्या सुट्टीत. बाकीच्या बायका बघत होत्या. आधी कुजबुजल्या, मग नाही.

"मग पुढं?" लुंबिनीनं विचारलं.

"पुढं काय? पाऊस पडला, ती तिच्या गावाला गेली, मी माझ्या. पुन्हा काय भेट न्हाई." मायनं दुधाचं बोट चाटलं. "तिच्या बोटाला खारट चव यायची. घामाची."

लुंबिनीच्या हातातली पेन्सिल थांबली होती. कपची, फडकं, पेज, हे सगळं तिच्या जन्माच्या कितीतरी आधीचं. तरी ते तिच्या तोंडात होतं, उजव्या दाढांच्या झिजेत, रोजच्या घासाच्या वाटेत. तिला वाईट वाटायला हवं होतं आणि तसं वाटत नव्हतं. उलट एखाद्या मोठ्या घरातली बंद खोली उघडावी आणि आत स्वच्छ, सारवलेलं, उजेडाचं निघावं, तसं वाटत होतं. तिनं कागद जवळ ओढला आणि हत्तिणीशेजारी दुसरी हत्तीण काढली.

लातूरला सरांनी ते चित्र पाहिलं: पाण्याच्या कडेला लव्हाळ्यात उभी म्हातारी, मान उजवीकडं कललेली, तोंडात कोवळा चारा, आणि तिच्या अंगाला अंग लावून दुसरी, सोंडेनं लव्हाळ्याची जुडी उपटून तिच्यापुढं धरणारी. सर म्हणाले, जबडा तर एकच सापडलाय, ही दुसरी कुठून आणलीत? लुंबिनीनं विचारलं, हाड मोडलं तेव्हाचे दिवस तिनं कसे काढले असतील? सरांनी मान हलवली. "ते हाड सांगत नाही, लुंबिनीताई." मग खिडकीबाहेर बघत, स्वतःशीच बोलल्यासारखं, "नाही म्हणूनही सांगत नाही, हे खरं." त्यांनी एक अट घातली. चित्राखाली पाटी लावायची. हाडावरून काय कळलं आणि चित्रकारानं काय मनानं घातलं, दोन्ही वेगवेगळं लिहायचं. लुंबिनीला ते पटलं. वडिलांच्या बरणीतला सगळ्यात रुंद ब्रश घेऊन तिनं भिंत पांढरी केली आणि पुन्हा सुरुवात केली. नांदेडहून आणून कोपऱ्यात ठेवलेल्या प्रिंटरवर नवा जबडा तयार होत होता, दोन्ही बाजू आपापल्या. त्याचा थर चढतानाचा एकसुरी आवाज ऐकत ती भिंतीवर पाणी रंगवायची. दुपारी सर डबा घेऊन येत आणि दोघं भिंतीकडं बघत जेवत. तिची नवी टोपी बसली होती, पण ती आता मुद्दाम कधी डावीकडून, कधी उजवीकडून चावायची, आणि दोन्हीकडची चव वेगळी लागते याची तिला गंमत वाटत राहायची.

उद्घाटन झालं. पाहुण्यांची भाषणं झाली, फीत कापली गेली, कॉलेजच्या पोरापोरींनी जबड्याबरोबर फोटो काढले. खरा जबडा काचेमागं होता. तिनं घडवलेला टेबलावर उघडा ठेवला होता, हात लावून बघायला. गर्दी चहाकडं वळली तेव्हा टेबलापाशी किशनराव तेवढे राहिले, ज्यांच्या रानात तो निघाला होता ते. धुवट धोतर, डोक्याला टोपी, हात पाठीमागं बांधलेले. हात लावला तर चालेल का, असं त्यांनी दोनदा विचारलं. मग जनावराच्या अंगावरून फिरवावा तसा त्यांचा हात जबड्यावरून फिरत गेला आणि त्या गाठीपाशी आपोआप थांबला. पाटी त्यांनी वाचलेली नव्हती. लुंबिनीनं सांगितलं की तिथं मोडलं होतं, मग सांधलं, आणि त्यानंतर ती पुष्कळ जगली. किशनरावांनी गाठीवरचा हात काढला नाही.

"दुखत असंल का हो तिला?" त्यांनी विचारलं. "शेवटपस्तोर?"

लुंबिनीकडं उत्तर तयार होतं. दुखणं हाडात उरत नाही, त्याचा दगड होत नाही, ते कुणालाच सांगता येणार नाही. ती बोलणार तेवढ्यात शेजारी येऊन उभी राहिलेली माय बोलली. पांढऱ्या लुगड्याचा पदर सारखा करत, भिंतीवरच्या चित्राकडं बघत.

"पहिलं साल लई दुखतं. मग थंडीच्या दिवसांत तेवढं."

किशनरावांनी वळून तिच्याकडं पाहिलं. तिच्या चेहऱ्याकडं, कानाच्या खाली, एकदाच. मग शेजारच्या गावात पाऊस झाला का हे विचारल्यावर कुणी नीट सांगावं आणि आपल्याला पटावं, तशी त्यांनी मान हलवली. टेबलापाशी ते थोडे बाजूला सरकले.

"या, बघा की तुमी बी," ते म्हणाले.

माय पुढं झाली. तिनं गाठीला हात लावला नाही. ती पलीकडून वळसा घालून गेली आणि तिनं उजव्या बाजूच्या त्या गुळगुळीत, झिजून गेलेल्या दाढेवर अंगठा ठेवला, आणि जात्याची पाळ चाचपावी तसा तो हळूहळू पुढं-मागं फिरवला.

"हिनं लई काम केलं," ती किशनरावांना म्हणाली.